झिजलेला व्हॉल्यूम कंट्रोल : सार्वजनिक ध्वनीच्या इतिहासाचे एक साधन

इतिहासाच्या साधनांची गणना करताना ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि दप्तरे यांचा उल्लेख प्रथम होतो, आणि ते योग्यच होय. परंतु विसाव्या शतकात ग्रामीण लोकजीवनात एक मोठा पालट घडला. एका माणसाचा आवाज एकाच वेळी हजारो कानांपर्यंत पोचू लागला. या पालटाचा पुरावा दप्तरांत क्वचितच आढळतो. सभेतील भाषण छापले गेले, तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत कसे पोचले याची नोंद सहसा झाली नाही. तो पुरावा जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, आणि विशेषेकरून आवाज लहानमोठा करणाऱ्या त्याच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये शिल्लक राहिला आहे. दुरुस्तीत सर्वांत आधी फेकला जाणारा भागही बहुधा हाच असतो.

मराठवाड्याच्या बाबतीत या साधनाचे महत्त्व अधिक आहे. १९४७ साली देशी संस्थानांत पाच नभोवाणी केंद्रे होती. त्यांपैकी हैदराबाद व औरंगाबाद ही दोन निजामाच्या राज्यात होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपुष्टात आले आणि १ एप्रिल १९५० रोजी ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. १९५६ च्या प्रारंभी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांतून लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. त्या प्रयोगाचा तपशीलवार अहवाल उपलब्ध आहे. औरंगाबादहून सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील फुलंब्री मात्र त्या वेळी हैदराबाद राज्यात होती; १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद जिल्हा मुंबई राज्यात आला. म्हणजे पुणे किंवा नाशिक जिल्ह्यातील गावांच्या श्रवणाविषयी जसा लिखित आधार त्या अहवालात मिळतो, तसा फुलंब्रीसारख्या गावाविषयी मिळत नाही. अशा प्रदेशात जत्रा, लग्न, कीर्तन आणि सभा यांसाठी वापरलेली यंत्रे हीच संशोधकाची दप्तरे होत.

या साधनाचे वाचन करावयाचे तर त्याची रचना ठाऊक असली पाहिजे. कंट्रोलच्या पोटात कार्बनची नालाकृती पट्टी असते. दांडी फिरविली की धातूची एक जीभ त्या पट्टीवरून सरकते आणि आवाजाचा हवा तेवढा अंश पुढे जातो. व्हॉल्व्हच्या यंत्रांत या पट्टीचा रोध बहुधा पाच लक्ष किंवा दहा लक्ष ओहम असतो. मानवी कानाला आवाजाची वाढ पटींच्या हिशेबाने जाणवते. म्हणून पट्टी लॉग पद्धतीची असते आणि दांडी निम्मी फिरली तरी एकूण रोधाच्या दहा-पंधरा टक्केच रोध आलेला असतो. जीभ वारंवार जेथे घासली जाते तेथील कार्बन झिजतो, धूळ साचते, आणि कर्ण्यातून खरखर ऐकू येते.

ही झीज सर्वत्र सारखी नसते, हीच इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय. सभांसाठी बनविलेल्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरांत मायक्रोफोनचा कंट्रोल वेगळा आणि ग्रामोफोनचा वेगळा असतो. तबकडी लावताना दांडी एकदा बसविली की पुरते. वक्ता मात्र कधी मायक्रोफोनजवळ येतो, कधी दूर जातो. आवाज वाढविला की कर्ण्याची शिट्टी सुरू होते. त्यामुळे चालकाचा हात दांडीवरून हलत नाही. तेव्हा झीज ही वापराच्या तासांची मोजणी नसून हाताच्या हालचालीची नोंद आहे. मायक्रोफोनची पट्टी मध्यावर खरवडलेली आणि ग्रामोफोनची गुळगुळीत आढळली, तर यंत्रापुढे माणसे बोलत वा गात होती असे अनुमान करता येते. तथापि गुळगुळीत पट्टी मागाहून बसविलेली असू शकते, हा आक्षेप आधी दूर केला पाहिजे.

त्याकरिता काही खुणा उपयोगी पडतात. मूळ डाग आणि नंतरचा डाग यांच्या कथलाची चकाकी व तारेची गुंडाळण सहसा भिन्न असते. अमेरिकी बनावटीच्या अनेक कंट्रोलांवर आकडे छापलेले असतात. त्यांतील पहिले तीन कारखान्याचे व पुढील वर्ष-आठवड्याचे असतात. उदाहरणार्थ, १३७६४५२ याचा अर्थ सी.टी.एस. कंपनी, १९६४ सालचा ५२ वा आठवडा. काही खुणांत वर्षाचा शेवटचा आकडा तेवढाच असतो, तेथे दशकाचा निर्णय अन्य पुराव्याने करावा लागतो. शिवाय या खुणेवरून दुरुस्ती त्या तारखेपूर्वीची नव्हे एवढेच सिद्ध होते. नंतर ती केव्हा झाली हे कळत नाही.

येथे पाठचिकित्सेचे स्मरण होणे साहजिक आहे. याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ वाचता यावा म्हणून ते कार्य आवश्यक होते. परंतु पूर्वीचे पाठ कसे होते हा प्रश्न त्याने मिटला नाही, आणि १९०९ साली राजवाड्यांनी निराळ्या जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली तेव्हा तो पुन्हा उभा राहिला. यंत्राचेही तसेच आहे. अ‍ॅम्प्लिफायर मुका ठेवणे म्हणजे जतन नव्हे, कारण त्याचा ध्वनी हाही पुरावाच आहे. पण जुना भाग नाहीसा करणे म्हणजे पाठभेद जाळून टाकणे होय.

यास्तव कंट्रोल बदलण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य कराव्यात. यंत्र बंद करून त्यातील मोठे कंडेन्सर रिकामे करावेत. शेकडो व्होल्टचा साठा त्यांत राहिलेला असतो. कंट्रोलची एक बाजू सोडवून दांडी सावकाश फिरवावी आणि मीटरचा काटा कोणत्या कोनावर उडी घेतो ते टिपावे. मागील कंडेन्सर गळका आहे काय हेही पाहावे. तो पट्टीवर एकदिश दाब सोडीत असेल तर नवा कंट्रोलही खरखरतो, आणि निर्दोष भाग झिजलेला ठरून निष्कारण बदलला जातो. नवा कंट्रोल त्याच रोधाचा व लॉग पद्धतीचाच घ्यावा. सरळ पद्धतीचा घेतल्यास सर्व आवाज पहिल्या थोड्या फेऱ्यातच उसळतो. जुनी दांडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीची असते. ६ मिलिमीटरच्या नव्या दांडीवर मूळ मूठ सैल बसते. काढलेला भाग, टिपलेले कोन आणि दुरुस्तीची तारीख ही एका पाकिटात घालून यंत्राबरोबरच ठेवावीत.

हे काम लहान आहे, परंतु त्याला मुदत आहे. एकदा कचऱ्यात गेलेली पट्टी पुन्हा मिळत नाही. ज्या गावांची भाषणे कोणी लिहून घेतली नाहीत, तेथे माणसे बोलली आणि त्यांचा आवाज दूरवर पोचावा म्हणून कोणा चालकाचा हात सतत जागा राहिला, याची साक्ष कदाचित त्या बोटभर कार्बनवरच असेल.