संगणकातला खबऱ्या

1943 ते 1946 या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले, तेव्हा औंध संस्थानाचा त्याला मोठा आडोसा झाला. संस्थानची 72 गावे इंग्रजी मुलखात विखुरलेली होती. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीचे केंद्र असलेले कुंडलही औंधचेच. भूमिगतांचा माग काढायचा तर इंग्रज पोलिसांना खबरी लागत. घरात ये-जा असलेला माणूस बातमी बाहेर नेऊ शकतो, तसेच एखादी भलती वस्तू घरात ठेवूनही जाऊ शकतो, हे गावात कोणाला शिकवावे लागत नसे. संगणकातल्या खबऱ्याबाबत मात्र आपण यातला पहिलाच भाग लक्षात ठेवतो.

महाराष्ट्रातल्या एका खटल्यामुळे दुसरा भाग पुढे आला. कोरेगाव भीमा येथे 1 जानेवारी 2018 रोजी झालेल्या हिंसाचारानंतर, एल्गार परिषद प्रकरणाच्या तपासात, पुणे पोलिसांनी 17 एप्रिल 2018 रोजी दिल्लीत रोना विल्सन आणि नागपुरात वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घरांची झडती घेऊन संगणक जप्त केले. त्यांत सापडलेली पत्रे हा आरोपांचा मोठा आधार होता.

बचावपक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने डिस्कच्या प्रती तपासल्या. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालांनुसार विल्सन यांना 13 जून 2016 रोजी ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावरून ई-मेल आली. त्यातून पाठवलेला कागद उघडताच ‘नेटवायर’ नावाचा प्रोग्राम गुपचूप संगणकात बसला आणि सुमारे 22 महिने तिथे राहिला. गडलिंग यांच्या संगणकातही तोच हल्लेखोर 20 महिन्यांहून अधिक काळ होता.

नेटवायर दाबलेल्या प्रत्येक कळीची नोंद ठेवतो. पासवर्ड, पत्रे, सारे दूरच्या संगणकाकडे जाते. पण ही वाट दुहेरी आहे: तिकडून आज्ञा येतात, फायलीही येतात. या वाटेने पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, असा आर्सेनलचा निष्कर्ष आहे. ती पत्रे त्या संगणकावर कधी उघडल्याची खूण मिळाली नाही. आमच्या मते सर्वांत बोलका मुद्दा अगदी साधा आहे. काही पत्रांच्या पीडीएफ प्रती वर्डच्या 2010 किंवा 2013 या आवृत्तीतून तयार झाल्या होत्या. विल्सन यांच्या संगणकावर मात्र 2007 चीच आवृत्ती होती.

राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे मान्य नाही. सरकारी प्रयोगशाळेला असा प्रोग्राम आढळला नाही, असे तिचे म्हणणे. हल्लेखोर कोण, हे आर्सेनलने सांगितले नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये सेंटिनेलवन या कंपनीने हा गट किमान 2012 पासून कार्यरत असल्याचे आणि त्याचे काम भारतीय शासनाच्या हितसंबंधांशी जुळत असल्याचे लिहिले. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन यांना जामीन दिला, तो सहा वर्षांहून अधिक काळच्या कारावासामुळे. अहवालांच्या खरेखोटेपणाचा निवाडा त्यात नाही.

जप्तीच्या वेळी डिस्कवरील सर्व माहितीवरून गणिताने एक आकडा काढतात, त्याला ‘हॅश’ म्हणतात. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. जप्तीनंतर ढवळाढवळ झाली का, हे त्यावरून कळते. जप्तीच्या आधी कोण आत येऊन गेले, याविषयी हॅश मुका असतो. (हा फरक विद्यार्थ्यांना चटकन कळतो; मोठ्यांना समजावताना आम्हांला अधिक वेळ लागला आहे.)

शाळेच्या संगणकावर एक प्रयोग करता येईल. घड्याळ पाच वर्षे मागे न्या, चार ओळी लिहून फाईल साठवा आणि घड्याळ पूर्ववत करा. आता तिची तारीख पाहा. मग ती फाईल आजच लिहिली गेली हे दाखवणाऱ्या इतर खुणा संगणकात कुठे कुठे उरल्या असतील, याची यादी विद्यार्थ्यांना करू द्या.