चार अक्षरं आणि कुलपातले निकाल

समजा, तुमच्या ऑफिसात लीडरशिप ट्रेनिंग आहे. एचआरकडून लिंक येते, तुम्ही पटापट उत्तरं देता आणि शेवटी नावापुढे चार अक्षरं लागतात. आयएनटीजे, ईएसएफपी, असं काहीतरी. ती बघून बॉसने ठरवलं, 'याला टीम सांभाळणं जमणार नाही', तर? आजची गोष्ट याच चाचण्यांची.

ही चार अक्षरं आली एका मायलेकीच्या घरातून. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. कार्ल युंगच्या विचारांनी त्या भारावल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात लाखो बायका पहिल्यांदाच कामावर जायला लागल्या. प्रत्येकीला आपल्याला साजेसं काम सापडावं, म्हणून इझाबेलने 1943 च्या सुमारास प्रश्नावली तयार केली. तीच एमबीटीआय. हेतू चांगला, पण अडचण अशी की माणसाला ती या नाहीतर त्या कप्प्यात टाकते. मधोमध असलेला माणूस महिन्याभराने दुसऱ्या कप्प्यातही निघू शकतो. नोकरीसाठी निवड करताना ही चाचणी वापरू नका, असं ती विकणारेच सांगतात!

त्याच युद्धात अमेरिकेची गुप्तहेर संघटना, ओएसएस, वेगळंच करत होती. उमेदवाराला लाकडी खांबांचा सांगाडा उभारायला सांगायचे, मदतीला दोन माणसं द्यायचे. गंमत म्हणजे ती दोघं मुद्दाम खोडा घालायची! सांगाडा दिलेल्या वेळेत कधीच कुणाचा पूर्ण झाला नाही. बघायचं होतं ते एवढंच, की माणूस चिडतो, रडकुंडीला येतो की डोकं शांत ठेवतो. पण यातून निवडलेले लोक पुढे खरंच चांगले निघाले का, हे युद्धाच्या धामधुमीत नीट तपासता आलं नाही.

ते तपासलं एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने. 1956 मध्ये डग्लस ब्रे या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या 422 तरुणांची पारख सुरू केली. मुलाखती, गटचर्चा, शिवाय टेबलावर पत्रांचा ढीग ठेवून 'यातलं आधी काय कराल?' असा खेळ. आणि मग निकाल चक्क कुलपात! ना साहेबांना सांगितले, ना त्या तरुणांना. का? साहेबांना कळलं असतं तर त्यांनी 'हुशार' ठरलेल्यांनाच बढती दिली असती आणि भाकीत आपोआप खरं ठरलं असतं.

काही वर्षांनी ताडून पाहिलं. ज्यांच्याबद्दल 'हे वर जातील' म्हटलं होतं, ते इतरांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात वर गेले होते. सगळे नाही हं. काही अंदाज साफ चुकलेही.

आपल्याकडे सैन्याच्या एसएसबीला जाऊन आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही काही दिवस एकत्र ठेवतात आणि गटाला काम देतात, पण नेता नेमत नाहीत. कोण पुढे होतो, ते बघतात.

तर मंडळी, पुढच्या वेळी लिंक आली की दोन प्रश्न नक्की विचारा. हा निकाल मला शिकण्यासाठी आहे की माझी बढती ठरवण्यासाठी? आणि बढतीसाठी असेल, तर या चाचणीचे अंदाज खरे ठरतात का, हे कुणी ताडून पाहिलंय का? स्वतःबद्दल गप्पा मारायला चार अक्षरं ठीक आहेत. पण कुणाची खुर्ची ठरवायची असेल, तर आधी त्याला काम करताना बघायला हवं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!