क्योतो करार : सहीपासून अंमलापर्यंत

१९९२ साली रिओ दि जानेरो येथे सह्यांसाठी खुल्या झालेल्या हवामान बदलविषयक आराखडा करारात ‘समान, परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले. म्हणजे वातावरण सर्वांचे असले, तरी औद्योगिकीकरणात ज्यांनी कोळसा व तेल अधिक जाळले, त्यांनी आधी पाऊल उचलावे. या तत्त्वाला आकड्यांचे बंधन लाभले ते ११ डिसेंबर १९९७ रोजी जपानमधील क्योतो शहरात. तेथे विकसित देशांनी २००८ ते २०१२ या काळात हरितगृह वायूंचे, म्हणजे उष्णता अडवून धरणाऱ्या वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. मात्र करार लागू होण्यासाठी किमान ५५ देशांची मान्यता हवी होती, आणि विकसित देशांच्या १९९० मधील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी किमान ५५ टक्के वाटा त्या देशांचा असावा, अशीही अट होती. भारत, चीन यांच्यावर बंधन नाही हा आक्षेप पुढे करीत अमेरिकेने २००१ मध्ये अंग काढून घेतले, तेव्हा सारे रशियावर अवलंबून राहिले, आणि त्या देशाने २००४ च्या अखेरीस मान्यता दिल्यावरच १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार अमलात आला. सात वर्षांचा हा विलंब अक्षम्यच म्हटला पाहिजे, कारण वातावरणात साठलेला कार्बन वाटाघाटींसाठी थांबत नाही. २०११ च्या डिसेंबरात कॅनडानेही माघार जाहीर केली.