बारा शिलिंग सहा पेन्स, निव्वळ

दुकानात पुस्तक चाळायचं, मागची किंमत बघायची आणि तिथेच उभ्याउभ्या मोबाइलवरून स्वस्तात मागवायचं, ही सवय नवी असली तरी पुस्तकावरच्या सवलतीचं भांडण दोनशे वर्षांहून जुनं आहे. ते पेटलं लंडनच्या पुस्तक दुकानदारांमध्येच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स लॅकिंग्टन याचं फिन्सबरी स्क्वेअरमध्ये 'टेंपल ऑफ द म्यूझेस' हे अवाढव्य दुकान होतं. मूळचा जोडे शिवणारा हा माणूस. उधारी बंद, नफा थोडा, खप भरपूर, हा त्याचा हिशेब. भाव टिकावा म्हणून शिल्लक प्रती नष्ट करायची रीत त्याने मोडली आणि त्या प्रती स्वस्तात विकल्या. इतर विक्रेते खवळले. पुढे त्यांच्या संघटनेने सवलतीवर बंधन घातलं, ते १८५२ साली लॉर्ड कॅम्बेल यांच्या लवादापुढे टिकलं नाही. मोकळ्या व्यापाराच्या बाजूने चार्ल्स डिकन्सही उभे होते.

मग शिलिंगमागे तीन पेन्स, म्हणजे पंचवीस टक्के सूट देण्याची रीतच पडली. दुकानदाराचं कमिशन गिऱ्हाइकाच्या खिशात जाऊ लागलं. सावकाश खपणारी जाड पुस्तकं ठेवणं कुणाला परवडेना.

१८९० साली प्रकाशक फ्रेडरिक मॅकमिलन यांनी आल्फ्रेड मार्शल यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' काढलं. किंमत १२ शिलिंग ६ पेन्स, 'नेट'. या एका शब्दाचा अर्थ, सूट नाही. १ जानेवारी १९०० पासून याच तत्त्वाचा 'नेट बुक ॲग्रीमेंट' हा करार झाला. भाव पाडणाऱ्याला करारातला एकही प्रकाशक नेहमीच्या दराने माल देत नसे. १९६२ मध्ये न्यायालयानेही तो उचलून धरला. करार गेला तर पुस्तकांचा साठा ठेवणारी दुकानं घटतील, हे न्यायालयाने ओळखलं होतं.

तसंच झालं. १९९५ मध्ये मोठे प्रकाशक बाहेर पडले आणि करार कोसळला. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेत ॲमेझॉनने पुस्तकं विकायला सुरुवात केली होती. पण ब्रिटनमध्ये पहिला मोठा घाव सुपरमार्केटांनी घातला. २००७ साली हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक, छापील किंमत १७.९९ पौंड, ॲस्डा या सुपरमार्केटात ५ पौंडांना मिळत होतं. लहान दुकानदारांना ते घाऊक विक्रेत्यापेक्षा सुपरमार्केटातून आणणं स्वस्त पडत होतं! १९९५ साली सुमारे १,९०० असलेली स्वतंत्र दुकानं २०१६ पर्यंत नऊशेच्या आत आली.

फ्रान्सने उलटी वाट धरली. १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. २०१४ मध्ये घरपोच पुस्तकावर सूट आणि फुकट टपाल एकत्र देण्यास बंदी आली, तेव्हा ॲमेझॉनने टपालखर्च एक सेंट लावला. म्हणून २०२३ पासून ३५ युरोंखालच्या खरेदीला किमान ३ युरो टपाल सक्तीचं झालं.

आपल्याकडे असा कायदा नाही. मुंबईत १९४८ साली सुरू झालेलं टी. एन. शानभाग यांचं 'स्ट्रँड बुक स्टॉल' तर वीस टक्के सवलतीसाठीच नावाजलेलं. २०१८ मध्ये तेही बंद झालं. नुसत्या भावाच्या लढाईत दुकान हरणार, हे मला आता स्पष्ट दिसतं. किंमत कायद्याने बांधावी, ही मागणी मराठी प्रकाशकांनी आणि वाचकांनी मिळून करायला हवी. तोवर निदान जे पुस्तक दुकानात चाळलंत, ते तिथेच विकत घ्या.