जाणाऱ्यासाठी ठेवलेली कादंबरी

आजचा भाग महायुद्धाबद्दल आहे, पण यात रणांगण जवळजवळ नाहीच. एक फ्लॅट आहे, एक दवाखान्याचं औषधालय आहे आणि बँकेची तिजोरी आहे.

आधी माझ्या घरातलं थोडं. माझ्या मावशीचे यजमान फौजेत होते. काकांचं पोस्टिंग आलं की पलंगाखालची काळी ट्रंक बाहेर निघायची, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली. मावशी लाडू वळायला बसायची आणि काका एका कागदावर लिहून काढायचे : पासबुक कुठे आहे, विम्याचा हप्ता कधी, कोणाला फोन करायचा. तो कागद कशासाठी आहे ते कोणी बोलायचं नाही. लहानपणापासून माझ्या डोक्यात हेच बसलं होतं की जो जातो, तो मागे राहणाऱ्यांची सोय लावून जातो.

म्हणून अगाथा ख्रिस्तीची गोष्ट वाचताना मी थबकले. तिथे सगळं उलटं होतं.

खरं तर तिनं नवऱ्याला युद्धावर दोनदा पाठवलं, आणि दोन वेगवेगळ्या नवऱ्यांना. पहिली वेळ पटकन सांगते, कारण ती घडलीही तशीच पटकन. २४ डिसेंबर १९१४. आर्ची ख्रिस्ती रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होता, रजेवर आला होता. ऐनवेळी ठरवून ब्रिस्टलमध्ये लग्न लावलं आणि २६ तारखेला ती त्याला लंडनमध्ये निरोप देत होती. तयारी बियारी काही नाही. ती तेव्हा लेखिकाही नव्हती, टॉर्कीच्या रेडक्रॉस इस्पितळात स्वयंसेवक होती. पुढे तिथल्याच औषधालयात काम करताना विषांची माहिती झाली आणि पहिली कादंबरी लिहिली गेली. ते लग्न मात्र १९२८ मध्ये मोडलं.

दुसरी वेळ वेगळी. १९३० मध्ये तिनं मॅक्स मॅलोवनशी लग्न केलं. तो पुरातत्त्वज्ञ, तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. इराक आणि सीरियातल्या उत्खननांवर ती त्याच्याबरोबर जायची, सापडलेल्या वस्तू साफ करायची, फोटो काढायची आणि दुपारी लिहायची. १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा ती पन्नाशीला आली होती, आणि जगभर वाचली जात होती.

आपल्याला वाटतं की युद्ध सुरू झालं की माणूस लगेच निघतो. मॅक्सला निघायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला! वडील मूळचे ऑस्ट्रियाचे, त्यामुळे कागदपत्रं अडायची. गडी आधी ब्रिक्सममध्ये होमगार्डमध्ये गेला, मग तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत गोळा करायच्या कामाला लागला. अखेर स्टीफन ग्लॅनव्हिल नावाच्या इजिप्त-तज्ज्ञ मित्राच्या ओळखीनं १९४१ मध्ये हवाई दलात कारकुनी स्वरूपाचं काम मिळालं. पण मॅक्सला अरबी येत होती, मध्यपूर्व ठाऊक होती. त्याला तिकडे जायचं होतं. फौजी घरांमध्ये हा काळ सगळ्यात विचित्र असतो असं मला वाटतं. माणूस घरातच असतो, रोज जेवायला समोर असतो, पण त्याचं अर्ध लक्ष पुढच्या पत्रावर असतं.

आणि या सगळ्यात बॉम्ब कुठे पडत होते? लंडनवर. त्यांच्या शेफील्ड टेरेसच्या घराचं बॉम्बनं नुकसान झालं. मग दोघं हॅम्पस्टेडमधल्या लॉन रोड फ्लॅट्समध्ये राहायला गेले. काँक्रीटची, तेव्हाच्या मानानं अगदी मॉडर्न इमारत. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला तरी अगाथा आसऱ्याच्या तळघरात जात नसे. फुटलेल्या काचा लागू नयेत म्हणून तोंडावर उशी घेऊन झोपायची. शेजारच्या खुर्चीवर तिच्या मते सर्वांत मौल्यवान अशा दोन वस्तू तयार असत : फरचा कोट आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. रबर मिळेनासं झालं होतं ना. हस्तलिखितं खुर्चीवर नसत, त्यांची सोय वेगळी होती. तीच आजची मुख्य गोष्ट.

युद्धाच्या या काळात तिनं दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि छापायला दिल्याच नाहीत. एक 'कर्टन', प्वारोची शेवटची. दुसरी 'स्लीपिंग मर्डर', मिस मार्पलची शेवटची. दोन्हींचा विमा उतरवला, नष्ट झाल्या तर म्हणून, आणि बँकेत सुरक्षित ठेवल्या. 'कर्टन' मुलीच्या, रोझालिंडच्या नावे केली आणि 'स्लीपिंग मर्डर' मॅक्सच्या. रीतसर दानपत्र करून. मी मेले तर अंत्ययात्रेहून परत आल्यावर तुमच्या हाती निदान एकेक पुस्तक असेल, असा तिचा रोखठोक हिशोब होता.

हे वाचून कुणाला वाटेल, एवढी मोठी लेखिका, पैशाची काय कमी? तर कमीच होती. अमेरिकेत तिच्यावर कराचं प्रकरण चालू होतं आणि तिकडची कमाई अडकून पडली होती. हातात रोख नव्हती. तिच्याकडे द्यायला एकच खात्रीची गोष्ट होती, ती म्हणजे न छापलेली ख्रिस्ती. मला यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त दिसतो, आणि म्हणूनच ते जास्त प्रेमाचं वाटतं. काकांच्या त्या कागदासारखं. फक्त इथे कागद मागे राहणारीनं लिहिला, कारण मरण्याची शक्यता तिचीही तेवढीच होती.

१९४२ च्या सुरुवातीला मॅक्स कैरोला गेला. पुढे लिबियात.

तिनं पुन्हा औषधालयाची नोकरी धरली होती, आता लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये. आठवड्यात दोन दिवस पूर्ण, तीन दिवस अर्धे, आणि एकाआड एक शनिवारी सकाळी. संध्याकाळी ब्लॅकआउट. बाहेर जायचं कुठे, म्हणून लिहायचं. मॅक्सला पत्रं लिहायची. आणि त्याच्या आठवणीत एक वेगळंच पुस्तक लिहायला घेतलं, सीरियातल्या उत्खननाच्या दिवसांचं, विनोदी. त्यात खून नाही. ते १९४६ मध्ये आलं, अगाथा ख्रिस्ती मॅलोवन या नावानं. सासरचं नाव पुस्तकावर लावलं!

सगळेच परतले नाहीत. रोझालिंडचा नवरा ह्यूबर्ट ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत मारला गेला. मुलगा मॅथ्यू तेव्हा एक वर्षाचाही नव्हता. अगाथाला मुलीसाठी यातलं काहीच करता आलं नाही.

मे १९४५. वेल्सला रोझालिंडकडे जाऊन ती रात्री थकून घरी आली होती. मासे तळायला टाकले, तेवढ्यात बाहेर खणखणाट ऐकू आला. सामानासकट मॅक्स. दोघांचंही वजन चांगलंच वाढलं होतं आणि एकमेकांना ते लगेच दिसलं. तव्यावरचे मासे तोवर करपले.

बँकेतली कादंबरी मात्र बाहेर काढली नाही. युद्ध संपलं, गरजही संपली होती, तरी ती मॅक्सच्याच नावे राहिली. अगाथा जानेवारी १९७६ मध्ये गेली. 'स्लीपिंग मर्डर' त्याच वर्षी छापून आली. मॅक्स तेव्हा ७२ वर्षांचा होता.