गाळ, गाळणी आणि गरम पाण्याचा टब

स्वच्छ पाणी कशाला म्हणायचे, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'ज्याचा तळ दिसतो ते' असे उत्तर देतील. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे कळायला माणसाला फार मोठा काळ लागला आणि त्यासाठी हजारो माणसांचे प्राण गेले. हा इतिहास आपण एका लहानशा वस्तूच्या निमित्ताने पाहू. ती वस्तू म्हणजे घरगुती गरम पाण्याचा टब.

युरोप-अमेरिकेत अनेक घरांच्या अंगणात किंवा गच्चीवर असा टब असतो. त्यात हजार ते दीड हजार लिटर पाणी मावते. चार-पाच माणसे त्यात छातीपर्यंत पाण्यात बसतात. पाण्याचे तापमान ३८ ते ४० अंश सेल्सिअस ठेवलेले असते आणि भिंतींतल्या तोट्यांमधून हवामिश्रित पाण्याच्या धारा जोराने येत असतात. आपल्याकडे असे टब हॉटेलांत आणि काही आरोग्यकेंद्रांत दिसतात. आपल्या पारंपरिक न्हाणीघरातली तऱ्हा मात्र अगदी वेगळी. बंबातले कढत पाणी घंगाळात घ्यायचे, त्यात विसण घालायचे आणि तांब्या-तांब्याने अंगावर ओतायचे. अंगावरून गेलेले पाणी मोरीतून निघून जाते, ते पुन्हा घंगाळात येत नाही. म्हणून घंगाळातले पाणी स्वच्छ कसे ठेवावे हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना कधी पडला नाही. टबातले पाणी मात्र आठवडेच्या आठवडे तेच राहते. एकदा पाणी साठवून पुन्हा पुन्हा वापरायचे ठरवले, की प्रश्नांची मालिका सुरू होते.

ती मालिका रोमन लोकांपासून सुरू झाली. त्यांची सार्वजनिक स्नानगृहे प्रसिद्ध आहेत. दूरच्या झऱ्यांचे पाणी कालव्यांतून शहरात आणताना रोमन अभियंते वाटेत मोठी टाकी बांधत. टाकीत पाण्याचा वेग मंदावे आणि वाळू तळाशी बसे. म्हणजे वाळूचा बंदोबस्त त्यांना माहीत होता. पण स्नानाच्या गरम कुंडात रोज शेकडो माणसे उतरत. अंगाला तेल चोळून ते खरवडून काढायची चाल होती, तरी बरेचसे तेल, घाम आणि मळ पाण्यात जाईच. सम्राट मार्कस ऑरेलियसने स्नानाच्या पाण्यातील तेल, घाम आणि घाण यांचा उल्लेख किळसेने केला आहे. सेल्सस या रोमन ग्रंथकाराने तर जखम स्वच्छ झालेली नसताना स्नानगृहात जाऊ नये, जखम सडण्याचा धोका असतो, असा इशारा दिला होता. २०१६ साली केंब्रिजच्या एका संशोधकाने रोमन काळातील अवशेषांत सापडलेल्या परजीवींचा आढावा प्रसिद्ध केला. स्नानगृहे आणि शौचालये असूनही रोमन लोकांतील पोटातले जंत कमी झालेले दिसले नाहीत. क्वचितच बदलले जाणारे कोमट पाणी हे त्याचे एक कारण असावे, असे त्यात सुचवले होते.

जपानमध्ये याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. तिथे घरातल्या सगळ्यांनी एकाच टबातले गरम पाणी वापरण्याची पद्धत आहे, पण टबात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबण लावून अंग धुवायचे आणि तो साबण पूर्ण धुऊन टाकायचा. म्हणजे टब आंघोळीसाठी नाही, तर आंघोळ झाल्यावर शेकण्यासाठी. पाणी नंतर साफ करण्यापेक्षा घाण आत येऊच द्यायची नाही, हा विचार यामागे आहे. त्याचे महत्त्व पुढे लक्षात येईल.

आता वाळूकडे वळू. टबाच्या तळाशी जमणारी कचकच कुठून येते? बरीचशी पायांबरोबर येते, काही वाऱ्याने, तर काही विहिरीच्या किंवा विंधनविहिरीच्या पाण्यातून. पाण्यात पडलेला कण किती वेगाने खाली बसतो, याचा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडला. बारीक कणांच्या बाबतीत हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण साध्या पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या दहापट लहान कणाला शंभरपट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ तीन तास. त्याहून दहापट लहान, म्हणजे एका मायक्रॉनच्या कणाला सुमारे तेरा दिवस! हे सारे पाणी स्तब्ध असेल तर. टबात बुडबुडे चालू असताना बारीक गाळ बसणारच नाही. म्हणून टबाचा पंप काही तास बंद ठेवला, की तळाशी थर दिसू लागतो आणि तो नळीने ओढून घेता येतो. पण जिवाणूचा आकार एक-दोन मायक्रॉनच असतो आणि त्याची घनता पाण्याहून फार वेगळी नसते. तो निवळून खाली बसेल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

निवळण्याला मर्यादा आहेत हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे किंवा निवळीचे बी उगाळून टाकणे हे उपाय त्यासाठीच होते. निवळीचा उल्लेख सुश्रुतसंहितेतही आहे. यामुळे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि मोठा कण लवकर बसतो हे आपण वर पाहिलेच.

पुढची पायरी गाळण्याची. १८०४ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावी जॉन गिब याने आपल्या कापड धुण्याच्या कारखान्यासाठी वाळूची गाळणी बांधली आणि उरलेले पाणी गावकऱ्यांना विकले. १८२९ साली जेम्स सिम्पसनने लंडनच्या चेल्सी जलपुरवठा कंपनीसाठी मोठी वाळूगाळणी उभारली. या लोकांना रोगजंतू हा प्रकार माहीत नव्हता. त्यांना फक्त थेम्स नदीच्या पाण्यातला गाळ काढायचा होता. पण वाळूच्या वरच्या पृष्ठावर काही दिवसांत एक बुळबुळीत सजीव थर तयार होई आणि तो थर जिवाणूंनाही अडवून खाऊन टाकी. गाळासाठी केलेला उपाय रोगावरही लागू पडला तो असा.

याचा पुरावा १८९२ साली मिळाला. जर्मनीतील हँबुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता वापरत होते. त्याला अगदी लागून असलेले आल्टोना हे गाव तर त्याच नदीचे, पण हँबुर्गच्या खालच्या अंगाचे, म्हणजे अधिक घाण पाणी घेई. मात्र आल्टोनात ते वाळूतून गाळले जाई. त्या वर्षी पटकीची साथ आली. हँबुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे दगावली, आल्टोनात मात्र साथ फारशी पसरली नाही. काही ठिकाणी दोन्ही गावांची सीमा एकाच रस्त्यावरून जात होती, आणि साथ जणू त्या रस्त्यावर येऊन थांबली होती. रॉबर्ट कॉख यांनी या उदाहरणाचा बारकाईने अभ्यास केला.

तिसरी पायरी मारण्याची. शेले याने १७७४ साली क्लोरीन वायू तयार केला आणि १७९९ साली चार्ल्स टेनंटने विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पेटंट घेतले. शंभर वर्षे ही पावडर मुख्यतः कापड पांढरे करण्यासाठी वापरली गेली. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टोन येथे विषमज्वराची साथ आली, तेव्हा नळांची जलवाहिनी तिने निर्जंतुक करण्यात आली. १९०५ साली लिंकन येथे आणि १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी येथे पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाली. थोड्याच वर्षांत पोहण्याच्या तलावांनीही हा उपाय उचलला. आपल्या ग्रामपंचायतीच्या विहिरीत पडणारी टीसीएल पावडर याच घराण्यातली.

आता टबाचा जन्म. इटलीतून कॅलिफोर्नियात आलेले जकुझी बंधू सुरुवातीला विमानांचे पंखे आणि पुढे शेतीच्या विहिरींसाठी पंप बनवत. त्यांच्यातील कँडिडो याच्या लहान मुलाला संधिवात झाला. रुग्णालयात त्याला फिरत्या गरम पाण्यात बसवून उपचार होत. ते घरीच करता यावेत म्हणून कँडिडोने न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा पंप तयार केला. १९५६ साली तो बाजारात आला. १९६८ साली त्याच घराण्यातील रॉय जकुझी याने टबाच्या भिंतीतच धारा सोडणाऱ्या तोट्या बसवल्या. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात दारूची जुनी लाकडी पिंपे गरम पाण्याने भरून त्यात बसण्याची लाट आली. आजचा घरगुती टब हा या दोघांचा वारस आहे.

पोहण्याच्या तलावाचे तंत्र या लहान टबाला जसेच्या तसे लागू पडेल असे वाटणे स्वाभाविक होते. पण एक साधे गणित करून पाहा. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ३,७५,००० लिटर पाणी असते. टबात १,५०० लिटर. म्हणजे टबात चार माणसे बसली तर ते त्या तलावात एकाच वेळी हजार माणसे उतरल्यासारखे आहे! त्यात पाणी गरम, त्यामुळे घाम अधिक. बुडबुड्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्याचा सामू वाढतो. क्लोरीनची खरी मारक शक्ती हायपोक्लोरस आम्लात असते. सामू ७.५ असताना सुमारे निम्मा क्लोरीन या रूपात असतो, सामू ८ झाला की जेमतेम एक चतुर्थांश. शिवाय घामातील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी संयोग होऊन क्लोरीन खर्ची पडतो. टबाजवळ येणारा उग्र वास क्लोरीन भरपूर असल्याचे नव्हे, तर तो असा गुंतून पडल्याचे लक्षण असते.

परिणाम लवकरच दिसू लागले. १९७५ साली अमेरिकेतील एका मोटेलच्या टबातून स्यूडोमोनास जिवाणूंमुळे झालेल्या त्वचारोगाची नोंद प्रसिद्ध झाली. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची गूढ साथ आली आणि ३४ जण दगावले. त्या साथीचा टबाशी संबंध नव्हता, पण तिच्यामुळे लेजिओनेला हा जिवाणू ओळखला गेला. कोमट पाण्यात तो उत्तम वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. कोमट पाणी आणि तुषार, टबात दोन्ही असतात!

१९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. शेजारच्या दालनात विक्रीसाठी टब मांडले होते. पाणी गरम होते आणि बुडबुडे चालू होते, पण त्यात कुणी उतरणार नसल्यामुळे जंतुनाशक घातले नव्हते. नुसते जवळून गेलेले लोक आजारी पडले. रुग्णांमध्ये सापडलेला लेजिओनेलाचा वाण टबाच्या पाण्यातही सापडला. मृतांचा आकडा ३२ वर गेला. त्या टबात ना वाळू होती, ना कुणाच्या अंगाचा मळ.

इथे इतिहासाचा धागा उलटा फिरलेला दिसतो. सिम्पसनच्या वाळूवरचा सजीव थर माणसाचा मित्र होता. टबाच्या गाळणीत आणि नळ्यांच्या आत जमणारा तसाच बुळबुळीत थर मात्र शत्रू ठरतो, कारण त्याच्या आडोशाला जिवाणू क्लोरीनपासून सुरक्षित राहतात. टबाची घडीदार कापडी गाळणी साधारण दहा-वीस मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. वाळू थांबते, जिवाणू आरपार जातात किंवा तिथेच वस्ती करतात.

म्हणून टबाची निगा ही तिन्ही पायऱ्यांची बेरीज आहे. आत उतरण्यापूर्वी पाय आणि अंग धुवावे. तळाचा गाळ ओढून घ्यावा. गाळणी वरचेवर काढून घड्यांच्या आतपर्यंत धुवावी आणि अधूनमधून सफाईच्या द्रावणात भिजत ठेवावी. दर लिटरला किमान ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राहील आणि सामू ७ ते ७.८ च्या दरम्यान असेल, हे वापरण्यापूर्वी तपासावे. आणि एवढे सगळे करूनही काही आठवड्यांनी पाणी काढून टाकावेच, कारण विरघळलेला मळ कोणतीच गाळणी पकडत नाही.

विद्यार्थ्यांना दोन प्रयोग देता येतील. एका उंच काचेच्या बरणीत पाणी आणि बागेतली माती ढवळून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी किती उंचीपर्यंत निवळले ते मोजा. स्टोक्सचा नियम डोळ्यांना दिसेल. दुसरा प्रयोग बंबाच्या किंवा गीझरच्या तळाशी सापडणाऱ्या खरखरीत कणांचा. त्यावर लिंबाचा रस टाका. फसफसले तर ती वाळू नसून पाण्यातल्या क्षारांची खपली आहे, आणि तिला गाळणी नव्हे तर मृदू पाणी हवे. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत मात्र शिंपल्यांचा चुरा असतो, तीही फसफसते, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. आणि प्रयोग संपल्यावर बरणीतले वरचे नितळ पाणी दाखवून सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारावा: हे पाणी पिता येईल का?