डांबरगोळीतले डांबर

पावसाळ्याआधी कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या घरात, लोकरीचे कपडे उन्हात वाळवून आम्ही ट्रंकेत ठेवतो. कसर लागू नये म्हणून सोबत डांबरगोळ्या. पांढऱ्याशुभ्र गोळीला डांबराचे नाव का?

दगडी कोळसा तापवून दिव्यांसाठी वायू काढत, तेव्हा डांबर उरे. त्यातल्या या पदार्थाला १८२१ मध्ये जॉन किड यांनी नॅप्थालीनचे नाव दिले. १८२६ मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्याचे रासायनिक सूत्र ठरवले.

गोळी न वितळताच तिची वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा चौपट जड, म्हणून गोळ्या कपड्यांच्या वर ठेवाव्यात. मात्र जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात. झबली-दुपटी डांबरगोळ्यांत ठेवूच नयेत.